काळा-केशरी गोंडा

कच्. लोकरीच्या गोंड्यावर कात्री चालली की एवढाच आवाज होतो.

गेनबाने तो पहिल्यांदा नीट ऐकला तेव्हा तो सोळा वर्षांचा होता. जत्रेला जाताना त्याने हौसेने आपल्याच पटक्याला एक लाल गोंडा लावला होता. वडिलांनी चारचौघांत त्याला थांबवले आणि तो गोंडा कापून टाकला. "गोंडे बैलांना असतात," एवढेच ते म्हणाले. लोक हसले. त्या दिवसापासून गेनबाने अंगावर पांढऱ्याशिवाय दुसरा रंग घातला नाही.

पुढे तो गावातला गोंडेवाला झाला. पोळ्यासाठी बैलांचे गोंडे, गळ्यातले कंडे, कवड्यांच्या माळा तो करी. त्याचा एक नेम होता. प्रत्येक घराची रंगांची जोडी वेगळी. एका घराची जोडी तो दुसऱ्याला कधीच देत नसे. म्हातारपणी त्याची नजर अधू झाली. माणसांचे चेहरे धूसर दिसू लागले. पण धुळीतून बैल येताना दिसला की गोंड्याच्या रंगावरून तो दुरूनच सांगे, हा अमक्या घरचा.

त्याच्या दुकानाला लागून प्रणाली नावाच्या मुलीने मोबाइल दुरुस्तीची टपरी टाकली. ती तालुक्याला शिकून आली होती. तिथे तिच्यासारख्या पाच-सहा जणांचा एक कंपू होता. ते सगळे काळे कपडे घालत, जाड बूट घालत, कपड्यांना पिना आणि ठिगळे लावत. प्रणालीने डोक्याची एक बाजू भादरली होती आणि दुसरीकडचे केस निळे केले होते. गावाला हे बघून आठवडाभर दुसरा विषय नव्हता. गेनबाला मात्र तिचा निळा रंग तेवढा स्पष्ट दिसे, आणि दिसला की बरे वाटे. दुपारी काम नसले की ती त्याच्यापाशी येऊन बसे आणि लोकरीची लड धरे. त्या म्हाताऱ्याशी घटकाभर बोलणारे दुसरे कोणी नव्हते.

एके दिवशी ती आपला काळा कोट घेऊन आली. म्हणाली, "आबा, मलाही दोन गोंडे करून द्या. खांद्यांना लावते."

गेनबाने काळी आणि केशरी लोकर काढली. "ही जोडी अजून कुणालाच दिलेली नाही," तो म्हणाला.

गोंडे लावून ती गावातून गेली तेव्हा पारावरचा एक जण ओरडला, "गोंडे झाले, आता वेसण राहिली गं!" ती हसली. "तुमची काढून द्या की," म्हणाली आणि पुढे गेली.

पोळा जवळ आला. त्या वर्षी बाहेरगावचे पाहुणे येणार होते. सरपंच मारुतराव गेनबाकडे आले. त्या पोरीच्या अंगावरचे ते सोंग पोळ्याआधी उतरले पाहिजे, असे त्यांनी सांगितले. ती दुसऱ्या कुणाचे ऐकत नाही, तुझे ऐकेल. नाही ऐकले तर यंदा गावाचे गोंडे शहरातून तयार आणू, तू हात धुऊन बस.

गेनबा दोन दिवस नीट जेवला नाही. आयुष्यभर त्याने दुसरे काही केले नव्हते. तिसऱ्या दिवशी त्याने प्रणालीला बोलावले. एका दिवसाचा तर प्रश्न आहे, पोरी, असे तिला परोपरीने समजावले. समोर मारुतराव आणि चार माणसे येऊन उभी राहिली होती.

तिने सगळे ऐकून घेतले. मग विचारले, "आबा, तुम्हाला हे वाईट दिसतं का?"

"मला नाही गं. लोकांना."

तिने कोट काढला आणि त्याच्या मांडीवर ठेवला. "मग तुम्हीच कापा."

गेनबाने कात्री उचलली. कच्. तो आवाज कानावर पडला आणि त्याचा हात थांबला. पटका, जत्रा, हसणारे लोक, सगळे त्याला आठवले. पण समोर माणसे उभी होती. त्याने दुसराही गोंडा कापला.

पोळ्याच्या दिवशी तो दुकानाच्या पायरीवर बसला होता. कापलेले दोन्ही गोंडे त्याच्या खिशात होते. प्रणाली दिसली की तिला द्यायचे, आपल्या हाताने परत शिवून द्यायचे, असे त्याने ठरवले होते. समोरून बैल चालले होते आणि तो एकेक घर ओळखत होता. हिरवा-पांढरा, शेळक्यांचा. लाल-जांभळा, वरच्या आळीतल्या भाऊंचा. एकही चुकला नाही.

बैलांमागून पूजेची ताटे घेतलेल्या बायका आल्या. सगळ्यांची लुगडी एकसारखी, सगळ्यांच्या डोक्यावर पदर. त्यांतली एक त्याच्यासमोर येऊन थांबली. कुणाची तरी नवी सून असावी, असे त्याला वाटले. पाया पडायला थांबली असेल म्हणून त्याने मायेने विचारले, "कुणाच्या घरची गं तू, बाळ?"

ती तशीच उभी राहिली. त्याने डोळे बारीक करून तिच्या हातातल्या ताटाकडे पाहिले. ताट धरलेल्या बोटावर एक काळा डाग होता. मोबाइल दुरुस्त करताना पोळल्याचा. ती जखम झाली तेव्हा त्यानेच प्रणालीला खोबरेल लावून दिले होते.

त्याचा हात खिशाकडे गेला. पण तोवर ती वळली होती. ती चालत गेली, आणि पुढच्या पदरांमधला तिचा पदर कोणता, ते त्याला शेवटपर्यंत कळले नाही.

तात्पर्य: माणूस हौसेने अंगावर जे घालतो, त्यातून तो आपली ओळख सांगत असतो. लोकांना भिऊन ती ओळख कापणारा आपलेच माणूस हरवून बसतो.