म्हाळूची तिसरी हाक

शके सतराशे चौऱ्याऐंशी, भाद्रपद वद्य पंचमी. नदी दुथडी वाहत होती. त्या दिवसापासून सावरतर गावाने म्हाळू नावाड्याशी बोलणं टाकलं.

रीत जुनी होती. दिवस मावळताना पैलतीरावरून शेवटची होडी सोडायची, त्याआधी रानाकडे तोंड करून तीन हाका द्यायच्या. कोणी मागे राहिलं असेल तर धावत येईल. त्या दिवशी पाणी चढत होतं. म्हाळूने दोनच दिल्या. सगुणा धनगरीण कोकरू शोधत मागे राहिली होती. होडी गेलेली पाहून तिने पाण्यात पाय घातला. पुन्हा ती कोणाला दिसली नाही.

तिचा मुलगा रायबा एवढंच म्हणाला, "आमची एक हाक राहिली तुझ्याकडं."

मग दूध उतू गेलं, की सासू सुनेला विचारी, "लक्ष कुठं होतं गं, म्हाळू?" रानात गाय विसरणारा गुराखी म्हाळू. निरोप विसरणारा म्हाळू. होडीत बसत सगळे, पण त्याच्याकडे पाठ करून.

म्हाळू रोज शेवटची माणसं उतरवून रिकामी होडी पुन्हा पलीकडे नेई. तीन हाका देई, वाट पाही, एकटा परते. चाळीस वर्षं, असं म्हणतात. त्या हाकेने डोंगरातल्या चुकलेल्या वाटा नदीकडे वळत, असंही म्हणतात.

गाव रोज त्या हाका ऐकत होतं. कोणी काही ठरवलं नाही. बोलता बोलता त्या नावाचा अर्थ फिरला.

एकदा परगावाहून आलेली एक सून होडीत शेजारणीला म्हणाली, "आमचा थोरला अगदी म्हाळू आहे, बाई."

म्हाळूने मान खाली घातली.

ती पुढे म्हणाली, "सगळे घरी आल्याशिवाय भाकरीला हात लावत नाही."

हे माणसाचं नाव आहे, हे तिला ठाऊक नव्हतं. त्यानेही सांगितलं नाही. वल्हं तेवढं थोडा वेळ पाण्यात तसंच राहिलं.

पुढे एका भाद्रपदात महापूर आला. म्हातारा रायबा पलीकडे अडकला. लोक आडवे आले, तरी म्हाळूने होडी घातली. ऐलतीरावर गावाने हाका मोजल्या. एक, दोन, तीन.

उजेड होता तोवर होडी परतली. वल्ही आत आडवी पडलेली. कोणी न वल्हवता ती पूर कापत सरळ घाटाला लागली, असं म्हणतात. आत एकटा रायबा, अंगावर पाण्याचा थेंब नाही. त्याने सांगितलं, म्हाळूने मला बसवलं आणि स्वतः मागे फिरला. "अजून कोणी राहिलं असेल, बघून येतो," म्हणाला.

आजही तिथे शेवटची होडी तीन हाकांवाचून सुटत नाही. तिसरी हाक आली, की ऐलतीरावर जो असेल तो, रायबा त्या संध्याकाळी पाण्याकडे बघून जे बोलला, तेच बोलतो.

"फिटली."