करवंटी कशाकशाला?

माणसं देवराईत अजून दबकत शिरायची, तेव्हाची गोष्ट. तिथे मोठ्या चोचीचे धनेशमास्तर रानातल्या पिल्लांची हुशारी मोजायचे. आपल्या मोजमापात कधी चूक निघत नाही, याचा त्यांना मोठा तोरा होता. त्या वर्षी त्यांनी विचारलं, "करवंटी कशाला असते?"

"आतलं खोबरं राखायला," साळुंकी चटकन म्हणाली. तिला पहिला नंबर मिळाला. खारीचं मात्र थांबेचना. "पिल्लू निजवायला, उन्हात डोक्यावर घ्यायला, घसरगुंडी खेळायला..."

"एका प्रश्नाला एकच उत्तर! तुला शून्य," मास्तर खेकसले.

त्या उन्हाळ्यात मास्तरीणबाई पिल्लांसह ढोलीत होत्या. धनेशांच्या रीतीप्रमाणे दार चिखलाने लिंपलेलं, चोचीपुरती फट उघडी. रानातली रसाळ फळं वाळली आणि आत पिल्लं तहानेने कासावीस झाली. कुठल्या झऱ्याला पाणी उरलंय, ते साळुंकीने अचूक सांगितलं. मास्तर चोच भरभरून आणत, पण फटीशी येताच पाणी बुंध्यावरून ओघळून जाई. मास्तर रडकुंडीला आले.

तेवढ्यात खारीने एक करवंटी ओढत आणली आणि फटीखाली वेलीने घट्ट बांधली.

"मास्तर, आता यात ओता."

आतून चोच बाहेर आली, पाण्यात बुडाली, आणि थोड्याच वेळात ढोलीत कलकलाट सुरू झाला.

पुढच्या परीक्षेला मास्तरांनी प्रश्न तोच ठेवला, फक्त एक शब्द बदलला. "करवंटी कशाकशाला असते?"

साळुंकी गोंधळली. "मास्तर, बरोबर उत्तरं किती आहेत?"

"मला तरी कुठे माहीत आहे गं," मास्तर म्हणाले आणि आपली उंच फांदी सोडून पिल्लांमध्ये येऊन बसले.