अळणी आमटीचे साक्षीदार

माझ्यासारखा स्वतःच्या अकलेनं चालणारा माणूस पंचक्रोशीत नाही. फक्त आधी डेअरीचे चेअरमनसाहेब काय म्हणतात, तेवढं ऐकून घेतो.

भंडाऱ्याच्या पंगतीत पहिलं वाढप त्यांनाच. अनसूयाबाईला काढून आपल्या मेव्हणीला आचारीण करायचं, हे त्यांनी घरूनच ठरवून आणलेलं. पहिलाच भुरका मारून ते ओरडले, "आमटी अळणी!"

"अगदी पाणी हो!" शेजारचे गुरुजी म्हणाले.

"मिठाचा खडासुद्धा नाही!" मी ठणकावलं. पार टोकापर्यंत माना डोलल्या.

"ऐकलंस, अनसूये? सगळी पंगत साक्षीला आहे. उद्यापासून चुलीपाशी फिरकायचं नाही."

अनसूयाबाईनं हातातलं भरलेलं वगराळं वर उचललं. "साहेब, साक्षीदार झकास जमवलेत. पण आमटी अजून तुमच्या एकट्याच्याच पानात वाढलीय."