श्रेष्ठ कोपरा कुणाचा?

कबड्डी मंडळाला पन्नास वर्षं झाली, म्हणून आजवरच्या गड्यांतून जागेगणिक एकेक श्रेष्ठ निवडून त्याचं नाव भिंतीवर रंगवायचं ठरलं आणि सभेत नुसता कालवा माजला. कुणी मातीवरचा थोर म्हणे, कुणी मॅटवरचा. तानुबाईला तर काही उमगेना. कोपऱ्याच्या जागेवर आपल्या गेलेल्या नवऱ्याचं, बळवंताचं नाव लागावं, एवढंच तिला हवं होतं.

अध्यक्ष रंगराव गरजले, "कोपऱ्यावर मीच! एकाच संघात मी डाव्या कोपऱ्याला, बळवंता उजव्या. माझ्या पकडी त्याच्या चौपट!"

टाळ्या पडल्या. तानुबाई ताडकन उठली.

"भाऊजी, माझं डोकंच चालंना झालंय. एवढ्या पकडी, म्हणजे समोरचे गडी सारखे तुमच्याच कोपऱ्यात शिरायचे?"

"सारखे! बळवंताकडे फिरकायचेसुद्धा नाहीत."

"का हो?"

रंगरावांनी तोंड उघडलं, तोवर तानुबाईच म्हणाली,

"चोर कधी कुत्रं बांधलेल्या दारानं येतो होय, भाऊजी?"

सभा खदखदून हसली. रंगरावांनी घाम पुसला आणि रंगाऱ्याला म्हणाले, "लिही बाबा बळवंताचं, वहिनींनी आणखी काही विचारायच्या आत!"