तांबटाचा ओटा आणि बंद रस्ता

फार पूर्वीची गोष्ट आहे. इतकी पूर्वीची, की शहरात ना मोटार होती ना विजेचा दिवा. पण शहराच्या मधल्या पेठेतला रस्ता मात्र तेव्हाही खोदून ठेवलेला होता.

या पेठेत एक तांबट आळी होती. दोन्ही बाजूंना तांब्याची भांडी घडवणाऱ्यांची दुकानं. दिवस उगवला की ठोक्यांना सुरुवात व्हायची, ती दिवेलागणीपर्यंत. पिढ्यान्‌पिढ्या त्या ठणठणाटात राहून आळीतली सगळी माणसं मोठ्यानं बोलायला शिकली होती. नवरा-बायकोचं गुपितही तीन घरांना ऐकू जाई. परका माणूस आळीत शिरला, की त्याला वाटे इथे जोराचं भांडण जुंपलंय. प्रत्यक्षात ते एकमेकांना जेवायला बोलावत असत.

आळीच्या मधोमध एक म्हातारा तांबट राहत असे. त्याचे कान कधीच निम्मे कामातून गेले होते आणि आवाज साऱ्या आळीत मोठा होता. पण भांडं घडवून झालं, की तो त्यावर डावा तळहात ठेवी, उजव्या हातानं हलकीशी टिचकी मारी आणि डोळे मिटून घेई. पत्रा कुठे पातळ राहिलाय, जोड कुठे कच्चा आहे, ते त्याच्या तळहाताला बरोबर कळे. "कान गेले तर गेले," तो म्हणे, "माझा हात ऐकतो!"

दुकानापुढे त्याचा दगडी ओटा होता. तो त्याच्या बापानं स्वतः रचला होता. हंडे, कळश्या, घंगाळी त्या ओट्यावर मांडलेली असत आणि गिऱ्हाईक तिथेच बसून घासाघीस करी. तांबटाचा त्या ओट्यावर भारी जीव. रोज सकाळी तो स्वतः ओटा धूत असे, बायकोलाही हात लावू देत नसे.

एकदा होळी झाल्यावर आळीत दवंडी पिटली गेली. शहराचं सांडपाणी वाहून न्यायला रस्त्याखालून दगडी गटार बांधायचं होतं, म्हणून आळीचा रस्ता बंद. काम पावसाच्या आत पुरं होईल, असं दवंडीवाला म्हणाला. आता असलं आश्वासन कधी पुरं होतं, ते तुम्हाला मी काय सांगावं! पाऊस आला, खोदलेल्या चराचं तळं झालं, त्यात बेडकं झाली. मग म्हणाले दसऱ्याच्या आत. दसराही सरला. मग म्हणाले, दिवाळीच्या आत नक्की.

तोवर आळीचे हाल कुत्रं खाईना. तोंडाशी बांबू आडवे बांधलेले. गिऱ्हाइकांना भाजीबाजारातून, मग देवळामागच्या बोळातून आणि मग कुंभार आळीतून फिरून यावं लागे. तेवढं चालण्यात निम्मी माणसं दमत आणि कुंभार आळीतच थांबत. तांब्याची कळशी घ्यायला निघालेली बाई मातीचा माठ घेऊन घरी जाई. तांब्याचे पत्रे आणणाऱ्या गाड्याही आत येईनात. मग ठोकणार काय? एकेक करत हातोडे थांबले आणि आळीत कधी नव्हे ती शांतता झाली.

तांबटाचा आवाज तेवढा थांबला नाही. रोज सकाळी ओटा धुवून झाला, की तो चराच्या काठावर उभा राहून खोदणाऱ्यांवर तोंडसुख घेई. "अरे, मुंगीसुद्धा तुमच्यापेक्षा भराभर खणते! माझ्या ओट्यावर माती उडवू नका! तो दगड तिकडे टाका! तिकडे नाही, तिकडे!"

खोदणारी मंडळी दूरच्या मुलखातून आली होती. नदीकाठी पालं ठोकून राहत होती. त्यांच्यात दुर्गव्वा नावाची एक बाई होती. पहार चालवण्यात चार पुरुषांना भारी, आणि हसण्यात सगळ्यांना. ती चरातून मान वर करून म्हणे, "आज्जा, लई वरडू नगंस. घसा बसंल की तुजा!"

दुपारी दुर्गव्वा भाकरी खायला ओट्याच्या सावलीत येई. "इथे बसायचं नाही!" तांबट ओरडे, आणि ओरडता ओरडता तिला बसायला पोतं झटकून देई. तिचं घमेलं चेपलं, तेव्हा "एवढंही सांभाळता येत नाही!" म्हणत त्यानं ते हिसकावून घेतलं आणि ठोकून नव्यासारखं करून दिलं. तांबटीण तिला कळशीतलं गार पाणी देई आणि नवऱ्याकडे बघून कपाळावर हात मारून घेई.

दिवाळीला पंधरा दिवस उरले. तांबटांची खरी सुगी तीच. दिवाळीच्या आंघोळीला घरोघर नवं घंगाळ लागे, आणि त्या चार दिवसांच्या विक्रीवर आळीची पुढचे सहा महिने चूल पेटे. चर आता तांबटाच्या दुकानापाशी येऊन पोहोचला होता. पुढचा तुकडा खणला, की झालंच. "धनत्रयोदशीला रस्ता मोकळा," मुकादमानं छातीवर हात ठेवून सांगितलं. या खेपेला ते खरंही वाटत होतं.

त्या सकाळी तांबटानं एक मोठं घंगाळ पुसायला काढलं आणि दारापुढच्या न खणलेल्या रस्त्यावर पालथं घातलं. नेहमीच्या सवयीनं त्याचा डावा तळहात त्यावर टेकला. इतक्यात चरात दुर्गव्वानं पहार मारली, आणि घंगाळ त्याच्या हाताखाली घुमलं.

तांबट दचकला. घट्ट जमिनीवर ठेवलेलं भांडं असं घुमत नाही. त्यानं घंगाळ थोडं पुढे सरकवलं आणि हातोडीनं जमिनीवर ठोका दिला. पुन्हा तेच. मग त्यानं घंगाळ ओट्यापाशी नेऊन तिथे ठोकून पाहिलं. तिथे हात गप्प राहिला.

आता त्याला आजोबांची एक गोष्ट आठवली. तांबट इथे येण्याआधी या जागी धान्याची वखार होती म्हणे. जमिनीत घराएवढी खोल पेवं खणून त्यात धान्य साठवत. पुढे वखार मोडली, पेवांच्या तोंडावर दगड-माती लोटली आणि सगळे विसरून गेले. असलंच एक पेव ऐन रस्त्यात, चराच्या पुढच्या टोकाखाली, आ वासून बसलं होतं. अजून हातभर माती निघाली असती, की वरची माणसं थेट खाली गेली असती.

तांबट ओरडायला उठला, आणि तसाच खाली बसला. पेव चुकवायचं तर चर वळवायला हवा. पलीकडच्या अंगाला देवळाची विहीर, म्हणजे तिकडून वाट नाही. उरली अलीकडची बाजू. आणि अलीकडे होता त्याचा ओटा. ओटा फोडायचा, चर पुन्हा खणायचा, म्हणजे काम दोन महिने तरी लांबणार. म्हणजे दिवाळी गेली. त्याची गेली आणि सगळ्या आळीचीही गेली.

'मुकादम शहाणा माणूस आहे,' तो मनाशी म्हणाला. 'त्याचं तो बघेल. माझ्या हाताचं काय, म्हातारा झालाय. चुकतही असेल.' त्यानं घंगाळ उचलून आत नेलं आणि भिंतीकडे तोंड करून बसला. हात चुकत नाही, हे त्याला पक्कं ठाऊक होतं.

दुपार झाली. खोदणारे भाकरी खायला वर आले. तांबटीण आत येऊन म्हणाली, "अहो, आज ओरडला नाहीत ते? अंगात ताप आहे का?"

"काही नाही!" तो म्हणाला.

तेवढ्यात दारात दुर्गव्वा येऊन उभी राहिली. कधी नव्हे ती हसत नव्हती. "आज्जा," ती म्हणाली, "सकाळधरनं वरडला न्हाईस. आमचं काय चुकलं का?"

तांबटानं तिच्याकडे पाहिलं. आपण हिचा मृत्यू ठाऊक असून गप्प बसलोय, आणि ही बिचारी आपल्याला काय चुकलं म्हणून विचारतेय! म्हाताऱ्याला स्वतःची लाज वाटली. तो ताडकन उठला आणि चराच्या काठावर जाऊन जीव खाऊन ओरडला, "खणू नका! खाली पोकळ आहे! सगळे मराल!"

खोदणारे हसले. "वाटलं आज्जाला बरं!" म्हणून दुर्गव्वाही हसली आणि पहार घेऊन खाली उतरली. मुकादमानं मानही वळवली नाही. "होय आजोबा, होय. दिवाळीच्या आत उघडतो रस्ता." सात महिने म्हातारा रोज हेच करत होता. त्याच्या ओरडण्याला कोण भीक घालणार? तो आणखी मोठ्यानं ओरडला. ते आणखी हसले. आजवर कशावरही उधळलेला तो आवाज आता कामाच्या वेळी फुकट गेला होता.

मग तांबट आत गेला. मोठं घंगाळ उचलून डोक्यावर घेतलं आणि धापा टाकत शिडीवरून चरात उतरला. जिथे दुर्गव्वा पहार उगारून उभी होती, तिथे नेऊन त्यानं ते पालथं घातलं, आणि तिच्या पुढ्यात बसला. मुकादम चिडून खाली आला. "आजोबा, हा काय तमाशा? उठा बघू!"

तांबटानं त्याचं मनगट धरून तळहात घंगाळावर टेकवला. आणि तो बोलला. हळू. इतका हळू, की वरून बघणारी आळी एकदम चिडीचूप झाली. त्या माणसाचा हळू आवाज त्याच्या बायकोनंसुद्धा कधी ऐकला नव्हता.

"बाळा," तो म्हणाला, "इथे जुनं पेव आहे. चर माझ्या ओट्याखालून ने. तिथली जमीन घट्ट आहे."

मुकादम त्याच्या तोंडाकडे बघतच राहिला. सात महिने ज्या ओट्यावर मातीचा कण उडू दिला नाही, तो ओटा हा माणूस आपणहून फोडायला सांगतोय? असं कोणी उगाच सांगत नाही. तांबटानं हातोडीनं जमीन ठोकली. मुकादमाच्या हाताखाली घंगाळ घुमलं, आणि त्याच्या चेहऱ्याचा रंग उडाला.

"सगळे वर चला!" तो म्हणाला.

सगळे वर आले. मग दोराला बांधून एक जड दगड वरून त्या जागी सोडला. धप्पकन आवाज झाला आणि दगड, माती, अर्धी शिडी, सगळं दिसेनासं झालं. खाली एक अख्खं घर मावेल एवढा काळोख होता. तांबटाचं घंगाळही त्यातच गेलं. दुर्गव्वा किती तरी वेळ ती जागा बघत राहिली. मग तिनं वाकून म्हाताऱ्याचे पाय धरले आणि हुंदके देऊन रडली. "रडू नकोस! माती ओली होते!" तांबट ओरडला, आणि स्वतःचे डोळे पुसायला आत निघून गेला.

दुसऱ्या दिवशी ओटा फोडला. पहिला दगड तांबटानं स्वतः काढला. पुढचे त्याच्यानं बघवले नाहीत.

दिवाळी आली तेव्हा रस्ता बंदच होता. आळी तांबटावर रुसली होती. "तुला कोणी सांगितलं होतं हात लावून बघायला?" शेजारी म्हणाला. हे म्हणताना मात्र त्याची नजर खाली होती, कारण पेव त्यानंही पाहिलं होतं. घंगाळी तशीच पडून राहिली. तांबटीण त्यांच्याकडे बघत म्हणाली, "पालांवर त्या लोकांकडे आंघोळीच्या पाण्याला धड भांडं नाही. ही आपली रिकामी बसलीत."

"मग बघतेस काय!" तांबट म्हणाला.

पहिल्या आंघोळीच्या पहाटे नदीकाठी त्याची घंगाळी ओळीनं मांडली गेली. सकाळ होईपर्यंत रुसलेला शेजारीही आपली चार घंगाळी घेऊन आला, आणि मग बाकीचेही. ज्यांच्यामुळे दिवाळी बुडाली, त्या खोदणाऱ्यांच्या पोराबाळांना आळीतल्या बायकांनी तेल-उटणं लावून न्हाऊ घातलं. सहा महिन्यांची चूल त्यानं पेटली नाही, हे खरंच. तो हिवाळा आळीनं एकमेकांकडून उसनं पीठ आणून काढला. पण कोणी उपाशी राहिलं नाही.

पौषात गटार पुरं झालं आणि बांबू निघाले. पालं उठायच्या आधी दुर्गव्वानं आणि तिच्या माणसांनी मुकादमाला न विचारता एक काम केलं. त्यांनी तांबटाचा ओटा पुन्हा रचला. दगड बापाच्याच हातचे होते. फक्त रस्त्याच्या बाजूनं एक लांब, बसकी पायरी जास्तीची जोडली होती. दमलेल्या माणसाला सहज टेकता यावं अशी.

गाड्या आल्या, पत्रे आले आणि आळी पुन्हा ठणठणू लागली. त्या पायरीवर येणारे-जाणारे बसू लागले. तांबट आतून रोज ओरडे, "इथे बसायचं नाही!" ते ऐकून बसलेली माणसं थोडी सरकत आणि नव्या माणसाला जागा करून देत.

आणि एखाद्या दिवशी म्हातारा हळू बोलला, की सगळी आळी हातोडे खाली ठेवून ऐकत असे.

तात्पर्य म्हणाल तर एवढंच: रोजच्या ओरडण्याला जग सरावतं, पण दुसऱ्याच्या जिवासाठी जो आपला ओटा पुढे करतो, त्याचं हळू बोलणंही सगळ्यांना ऐकू जातं.