नाण्यावरचा हात

फार जुन्या काळी रोम नगरीच्या टांकसाळीत हिलारस नावाचा एक कारागीर ठसे कोरायचा. त्याच्या ठशाखाली चांदीची चकती ठेवून हातोडा हाणला, की नाणे तयार होई. त्या नाण्यावर एकमेकांत गुंफलेले दोन हात असत. रोमी लोकांत ती दिल्या शब्दाची खूण होती. त्यांतला एक हात हिलारसच्या बायकोचा, प्रिमाचा होता. ठसा कोरताना ती चूल सोडून त्याच्यासमोर हात धरून बसली होती. बोटे आखडली तरी हलली नव्हती.

पुढे लढाया वाढल्या आणि खजिन्यातली चांदी आटली. टांकसाळीच्या अधिकाऱ्याने हुकूम काढला, की जुनी अस्सल नाणी वितळवा. नवी तांब्याची पाडा आणि वर चांदीचा पातळ पत्रा चढवा. अडचण एकच होती. शंका आली की व्यापारी नाण्याच्या काठावर छिन्नीने खाच पाडून आत पाहत. अधिकाऱ्याने हिलारसला बोलावून सांगितले, “हात असे कोर, की त्यांवर छिन्नी धरायला कुणाचं मन होऊ नये.”

घरी हे ऐकून प्रिमा म्हणाली, “दुसऱ्या कुणाचाही हात कोरा. माझा नको.”

“मी फक्त चित्र कोरतो. आत काय घालायचं ते त्यांचं ते बघतील.”

“चित्र बघूनच तर लोक घेतात.”

पण काम जाईल या भीतीने हिलारसने तोच हात पुन्हा कोरला. इतका सुरेख हात त्याला कधी साधला नव्हता. नखेसुद्धा दिसत होती. नाणी बाजारभर पसरली आणि खाच पाडणारे कमी झाले.

तिसऱ्या वर्षी प्रिमा तापाने अंथरुणाला खिळली. मेलेल्याच्या जिभेखाली नाणे ठेवायची तिकडे रीत होती. ते घेऊन परलोकीच्या नदीवरचा नावाडी पलीकडे नेतो, नाहीतर जीव काठावरच भटकतो, असे लोक मानत. जाताना तिने एवढेच मागितले, “मला खरं नाणं द्या.”

हिलारसने थैली रिकामी केली आणि छिन्नी घेतली. पहिल्या खाचेत लाल तांबे दिसले. दुसऱ्या नाण्यात तेच, पुढच्यातही तेच. तो शेजारच्या गालस कुंभाराकडे धावला. गालस म्हणाला, “जुनं असतं तर दिलं नसतं का, बाबा? सगळी तुमच्याच भट्टीत गेली.”

दारात प्रेत उचलायला माणसे खोळंबली होती. एकच नाणे उरले होते. हिलारसने त्याच्या काठावर छिन्नी टेकवली. वर प्रिमाचा हात चकाकत होता. न जाणो, हे खरे असेल. त्याने छिन्नी खाली ठेवली आणि नाणे तसेच तिच्या जिभेखाली सरकवले.

मग उरलेले आयुष्य त्याने नगरीच्या नदीकाठी बसून काढले. ती पलीकडे पोचली की अजून अलीकडेच उभी आहे, हे त्याला सांगणारे कोणी नव्हते.

तात्पर्य: खोट्याला आपल्या कलेने सजवणारा, माल दुसऱ्याचा म्हणून सुटत नाही; खऱ्याची गरज पडते तेव्हा त्याच्याही हाती खोटेच उरते.