एकेचाळीस जिनसांची यादी

सुळकेगडच्या घाटमाथ्यावरच्या चौकीला शत्रूने वेढा घातला होता. आत साठ माणसं होती आणि पाणी पाच दिवसांचं. राजा भैरवसेनाने कुमक पाठवली. ती अर्ध्या घाटात बसली. त्याने दुसरी पाठवली. ती पहिलीच्या शेजारी जाऊन बसली.

कारण एकच, पाठीवरचं ओझं! प्रत्येक शिपायाने काय काय न्यायचं याची यादी राजाने स्वतःच्या हाताने केली होती. ढाल, तलवार, भाला, चिलखत, इथवर ठीक होतं. पण एका लढाईत कुणाच्या पायात काटा मोडला, म्हणून यादीत चिमटा आला. कुणाला थंडी वाजली, म्हणून घोंगड्या तीन झाल्या. कुणी पीठ जाडं असल्याची तक्रार केली, म्हणून जातं आलं.

"जातं प्रत्येकी, महाराज?" सेनापती त्रिंबकरावांनी विचारलं होतं.

"प्रत्येकी!"

असे एकेचाळीस जिन्नस झाले होते.

"महाराज, चार तरी कमी करा," सेनापतींनी हात जोडले.

"एकही नाही! यादीतला जिन्नस जो खोडेल त्याचं बोट तोडीन! आणि उद्या दुपारच्या आत माझी माणसं माथ्यावर दिसली पाहिजेत. जो हे जमवेल, त्याला मागेल ते देईन!"

दरबारात सगळे आपापली बोटं मिटून उभे राहिले.

तेव्हा ठकू वंजारीण पुढे आली. त्याच घाटातून ती वीस वर्षं बैलांवर मीठ नेत होती. तिचा धाकटा भाऊ वरच्या चौकीत अडकला होता.

"तू काय खोडणार, बाई?" राजाने डोळे वटारले.

"खोडत नाही, सरकार. वाढवते. तीन जिन्नस."

राजाचा चेहरा खुलला. इतक्या वर्षांत यादी वाढवायला आलेलं हे पहिलंच माणूस!

"बोल, बोल!"

"बेचाळिसावा जिन्नस, दोन मोकळे हात. वरच्या टप्प्याला कातळ धरून चढावं लागतं."

"रास्त आहे. लिहा!"

"त्रेचाळिसावा, वर उचललेली मान. माथ्यावरून धोंडा सुटला तर दिसायला हवा."

"लिहा!"

"चव्वेचाळिसावा, छातीत दम. पोचल्यावर लढायचंय."

"अरेच्चा! हे आम्ही विसरलोच होतो!" राजाने तिथल्या तिथे शिक्का मारला.

"आता एक शिपाई लादून दाखवते," ठकू म्हणाली.

दौलती नावाचा दांडगा शिपाई पुढे आला. ठकूने त्याच्यावर एकेचाळीस जिन्नस चढवले. ते चढवायला चार माणसं लागली. राजा यादी घेऊन तपासायला बसला.

"बेचाळीस! हात मोकळे कर रे!"

दौलतीने ढाल आणि भाला खाली ठेवला.

"भाला का ठेवलास? यादीत आहे!"

त्याने उचलला.

"आता हात कुठे मोकळे आहेत?"

त्याने ठेवला. असं सहा वेळा झालं. सातव्या वेळी दौलती जात्यासकट खाली बसला.

"याची मान कुठाय?"

"खाली, सरकार."

"आणि दम?"

"गेला, सरकार."

राजाने यादी वरून खाली वाचली, मग खालून वर वाचली. "बाई, ही यादी तर पुरी होतच नाही! काहीतरी खोडावंच लागेल. घे लेखणी!"

"मला गोण्या शिवायच्या असतात. सगळी बोटं लागतात."

"त्रिंबकराव?"

सेनापतींनी दोन्ही हात पाठीमागे घेतले.

"मग खोडायचं कुणी?" राजा गरजला.

"ज्याचं बोट तोडायची कुणाची छाती होणार नाही, त्यानं!" ठकू म्हणाली.

राजाने आपल्या बोटाकडे पाहिलं. मग तो असा हसला की यादी हातातून गळून पडली. ती उचलून त्याने स्वतः लेखणी चालवली. जातं गेलं, चिमटा गेला, दोन घोंगड्या गेल्या. अकरा जिन्नस उरले, आणि त्यात ठकूचे तिन्ही होते.

दुसऱ्या दिवशी दुपारच्या आत तिसरी कुमक माथ्यावर पोचली. घाटात बसलेल्या दोन तुकड्याही ओझी तिथेच टाकून मागोमाग चढल्या. वेढा उठला. ठकूचा भाऊ खाली आला आणि आधी घागरभर पाणी प्यायला.

"माग, काय हवं?" राजाने विचारलं.

"त्या कातळाला पायऱ्या खोदून द्या, सरकार. माझे बैल तिथं अडतात."

राजाने पायऱ्या खोदून दिल्या, नव्वद. शिवाय एक जरीचं लुगडं दिलं, आणि तिच्या ओझ्यात भर नको म्हणून ते स्वतःच्या माणसाकरवी तिच्या तळावर पोचतं केलं.